देवही मुक्काम करत चढतो

नमस्कार, श्रोतेहो.

केदारनाथाला मी दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेचं दर्शन मला जवळजवळ आठवत नाही. डोकं ठणकत होतं, पोटात मळमळत होतं आणि मागची बाई मला पुढे ढकलत होती, एवढंच आठवतं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी सगळ्यात उंचावरच्या देवापुढे उभी होते, आणि मनात एकच विचार होता, कुठे आडवं व्हायला मिळेल का?

चूक माझीच होती. पहाटे गौरीकुंडाहून निघायचं आणि संध्याकाळच्या आरतीला देवळात पोहोचायचं, असा आमचा बेत होता. कागदावर सोपं वाटलं. सोळाएक किलोमीटर तर चालायचं, त्यात काय! घाटमाथ्यावर हिंडलेली माणसं आम्ही. पण हिमालयात किलोमीटर मोजून भागत नाही. गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर आहे आणि केदारनाथ ३,५८० मीटरच्या आसपास. वजाबाकी केली तर १,६०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे समुद्राच्या वाळूतून निघून त्याच दिवशी कळसूबाईचा माथा गाठण्यासारखं हे. आणि इथे तर सुरुवातच महाबळेश्वरापेक्षा उंचावरून होते.

तिथल्या हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी नसतं, ते इथल्याइतकंच, २१ टक्के. हवाच विरळ असते. केदारनाथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास भरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराच्या पदरात कमी पडतं. पाणीसुद्धा अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. चहा खळखळ उकळताना दिसतो, पण हाताला तेवढा कढत लागत नाही. तिथे डाळ शिजवणाऱ्यांना हे जास्त ठाऊक.

या विरळ हवेची सवय शरीर करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखणं, भूक मरणं, उलटी, झोप न लागणं ही पहिली खूण. तेवढ्यावर थांबलात तर बहुतेक वेळा निभावतं. मात्र बसल्याजागी धाप लागली, पाय लटपटू लागले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर दर्शनाची रांग सोडून ताबडतोब खाली उतरायचं. त्या वेळी खाली उतरणं हाच उपचार. आमच्यातल्या एका काकांना रात्री असंच झालं. ते म्हणत होते, "इतक्या लांब आलोय, सकाळची पूजा होऊ दे." आम्ही त्यांचं ऐकलं नाही. त्यांनी आमच्याशी दोन दिवस अबोला धरला, पण घरी धड परतले.

आता हेलिकॉप्टर आहे. फाटा, सिरसी, गुप्तकाशी, जिथून जमेल तिथून बसायचं आणि काही मिनिटांत वर. गुडघे गेलेल्या माणसाला ती मोठीच सोय आहे, मी नाव ठेवणार नाही. पण पाय वाचले तरी फुप्फुसांना कुणी आधी कळवलेलं नसतं. खेचरावर बसणाऱ्यांचंही तेच. शिवाय त्या मुक्या जनावरांना चढावर मार खाताना पाहिलं, आणि माझं तरी पुन्हा बसायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्यांदा निघण्याआधी मला एक गोष्ट कळली. आधी माहीत असती तर पहिली फेरी अशी वाया गेली नसती. केदारनाथाचं देऊळ भाऊबीजेला बंद होतं. मग देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि हिवाळाभर पूजा तिथेच चालते. महाशिवरात्रीला उखीमठातच दार उघडण्याचा मुहूर्त जाहीर होतो, आणि वैशाखात डोली पुन्हा वर निघते. कशी निघते? अलीकडच्या वर्षांतला तिचा क्रम असा: पहिली रात्र गुप्तकाशी, दुसरी फाटा, तिसरी गौरीकुंड आणि चौथ्या दिवशी केदारनाथ. भोई अनवाणी, पुढे ढोल. अगदी आपल्या पालख्यांसारखी, मुक्कामामागून मुक्काम. स्वतः कैलासाचा धनी चार दिवस घेतो, आणि आपण नाश्ता करून दुपारपर्यंत पोहोचायला बघतो!

दुसऱ्या वेळी आम्ही डोलीचंच वेळापत्रक उचललं, वर वाटेत लिंचोलीला आणखी एक रात्र काढली. त्या रात्री मंदाकिनीचा आवाज ऐकत पडले होते. २०१३ सालच्या १६ आणि १७ जूनला हीच नदी चोराबाडी तलावाचं पाणी आणि दगडगोटे घेऊन खाली आली. रामबाडा म्हणून वाटेवर वस्ती होती, ती उरली नाही. जुनी वाट चौदा किलोमीटरांची होती, आता रामबाड्यापासून नदी ओलांडून पलीकडच्या उतारावरून जावं लागतं. आपण चालतोय ती वाट कशी नवी झाली, हे चालताना ठाऊक असलेलं बरं.

पहाटे देवळात गेले तेव्हा डोकं शांत होतं. त्यामुळे सगळं दिसलं. सभामंडपातल्या पांडवांच्या मूर्ती, गाभाऱ्यातला तो त्रिकोणी खडक. पांडवांपासून लपताना महादेवानं बैलाचं रूप घेतलं आणि त्याची पाठ इथे राहिली, अशी कथा आहे. त्या उंचवट्यावर लोक घरून आणलेलं तूप चोळत होते. मागे जाऊन भीमशिलाही पाहिली. पुराच्या वेळी ती देवळामागे येऊन अडकली आणि पाण्याचा लोंढा दोन बाजूंना फुटला. मी तिला हात लावला. दगड बर्फासारखा गार होता.

माझ्या आत्याला मात्र हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी वर जायला साफ मनाई केली होती. तिला मी डिसेंबरात उखीमठला नेलं. १,३०० मीटरच्या आसपासचं गाव, दारापर्यंत गाडी. देवळात पुजारी आणि आम्ही दोघी, बाकी कुणी नाही. पुजाऱ्यांनी मूर्ती दाखवली. आत्या बराच वेळ हात जोडून उभी राहिली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "थंडीत तोसुद्धा खालीच येतो की गं. मग मलाच कशाला वर चढायला लावत होतीस?"