पडवीतलं सर्किट

[दृश्य : पेडणे तालुका, जुलै. चिऱ्यांचं घर, पागोळ्या. पडवीत शेजारी शेजारी दोन खुर्च्या.]

मोपाच्या विमानतळाच्या पठारावर ढग इतके उतरलेत की विमान आधी ऐकू येतं, मग दिसतं. उपकरणांवर उतरणाऱ्या जेटला हे चालतं. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, नुकती सुरुवात केलेला विद्यार्थी मात्र नजरेच्या भरवशावर उडतो. त्याला निदान ५ किलोमीटर दृश्यता लागते आणि ढगांचा तळ १,५०० फुटांच्या वर लागतो. म्हणून बारामतीला किंवा गोंदियाला विमान उडवायला शिकणारं गोव्याचं पोर अशा दिवसांत घरी असलं, तर चार-पाच सोलोंवर कमावलेला धीर महिनाभरात ओसरू लागतो.

आधी विसरतो तो कामांचा क्रम. तो खुर्चीत बसूनही राखता येतो.

सेसना १७२ एस या छोट्या शिकाऊ विमानाच्या पॅनेलचं मोठं छायाचित्र भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला. डावा हात योकवर (विमानाचं स्टिअरिंग), उजवा थ्रॉटलवर (इंजिनची ताकद), पाय रडरवर (शेपटीचं सुकाणू). समोर घड्याळ, कारण एका सर्किटला, म्हणजे उड्डाण, पट्टीभोवती फेरी आणि उतरणं याला, साधारण सहा मिनिटं लागतात. तीन मिनिटांत संपलं, तर मधलं काहीतरी गाळलंय.

[दृश्य : हातांचा क्लोजअप. ओठ हलताहेत.]

प्रत्येक कृती मोठ्याने बोलायची. पूर्ण थ्रॉटल, उजवा रडर. ५५ नॉट्स वेगाला नाक उचल. ७४ ला चढ. हजार फुटांवर सपाट, डाउनविंड (पट्टीला समांतर, उलट दिशेने), रेडिओ कॉल. धावपट्टीचं टोक खांद्याशी आलं की इंजिन १,५०० आरपीएमवर, वेग ११० च्या खाली असल्याची खात्री, मग फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) १० अंश. बेसवर (पट्टीकडे आडवं येताना) २०, वेग ७०. फायनलवर (पट्टीच्या सरळ रेषेत उतरताना) ३०, वेग ६५. आपल्या शाळेचे आकडे थोडे वेगळे असतील, तर तेच घोकावेत.

उतरणं सगळेच घोकतात. आमच्या मते निम्मा वेळ गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याला, द्यायला हवा. विमान पट्टीवरून उसळलं, किंवा फायनलवर वेग हलत राहिला, तरी नवखा पायलट ते कसंबसं टेकवायला बघतो, कारण परत वर जाण्याची कृती त्याच्या अंगात मुरलेली नसते. आणि ती सोपीही नाही. उतरण्यासाठी ट्रिमने (योकवरचा जोर हलका करणाऱ्या चाकाने) नाक वर धरून ठेवलेलं असतं. त्यात एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की नाक जोरात उसळतं आणि डावीकडे वळू बघतं. योक घट्ट पुढे दाबावा लागतो, उजवा रडर द्यावा लागतो, मगच ट्रिम. फ्लॅप लगेच २० वर, ६० नॉट्स धरायचे, मग १०. वेग ६५ च्या वर गेला आणि पुरेशी उंची मिळाली, की शून्य. घाईने सगळे फ्लॅप एकदम मिटले तर पंखांची उचल जाते आणि विमान पट्टीकडे बसायला लागतं. खुर्चीत योकचा तो जोर लागत नाही, ही या सरावाची उणीव. तरी हातांचा क्रम पक्का होतो. मधूनच घरातल्या कुणीतरी ‘पट्टीवर म्हैस!’ असं ओरडावं. तिथेच गो-अराउंड सुरू करायचा.

[दृश्य : पाऊस उघडलेला. ओलं अंगण, तुळशीवृंदावन.]

परतल्यावर आधी इन्स्ट्रक्टरसोबत तपासणीचं उड्डाण, मग सोलो. शेजारचे सत्तर-ऐंशी किलो उतरले की विमान बदलतं. लवकर उचलतं, हजार फूट अपेक्षेआधी गाठतं, किंचित डावीकडे कलतं. नजर उंचीवर नसेल, तर डाउनविंडला ११०० दिसतात. उतरतानाही ते जास्त तरंगतं. त्यात ६५ च्या जागी ७० नॉट्स ठेवले, तर पट्टीचा बराच भाग पायाखालून निघून जातो. अशा वेळी नाक खाली दाबून विमान टेकवायला गेलं, की पुढचं चाक आधी आपटतं आणि उसळ्या सुरू होतात. योक तिथेच धरून वेग ओसरू द्यायचा. पुढची पट्टी अपुरी वाटली, तर थ्रॉटल पूर्ण आत आणि गो-अराउंड.

पडवीत दुसरी खुर्ची मांडली आहे ती यासाठीच. इन्स्ट्रक्टर उतरला की त्याचा सैल पट्टा योकमध्ये अडकू शकतो. रिकाम्या सीटवर तो आवळून बांधायचा, हेडसेट मागे ठेवायचा, उजवं दार बंद आहे का ते हाताने ढकलून बघायचं. मग चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून.