एका खेट्याची किंमत

(दृश्य : पहाट. चंदगडचं एसटी स्थानक.)

चंदगडहून कोल्हापूरला जाणारी सकाळची एसटी. खिडकीशी बसलेल्या मुलीच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल आहे. फाइलमध्ये गुणपत्रिका, आधार कार्डाची झेरॉक्स आणि हाताने लिहिलेला अर्ज. गुणपत्रिकेवर आईच्या नावातलं एक अक्षर चुकलंय, ते विद्यापीठातून दुरुस्त करून घ्यायचंय. त्या एका अक्षरासाठी शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता. खिडकीवरचे साहेब रजेवर निघाले, तर हाच रस्ता पुन्हा.

असे खेटे मी स्वतः घातले आहेत, एका विद्यापीठात, एकाच कामासाठी चारदा. दर वेळी एक नवा कागद लागायचा. त्या चार दिवसांचं एसटीचं भाडं आणि बुडालेले तास मला अजून पाठ आहेत. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात मात्र हा खर्च कुठेच दिसत नाही, कारण तो मुलांच्या खिशातून होतो. म्हणून विद्यापीठ काटकसर करतंय असं कानावर आलं, की मी आधी एवढंच विचारतो : वाचलेले पैसे कुणाचे?

(दृश्य : शिवाजी विद्यापीठ. मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा.)

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार.

राज्य सरकारकडून विद्यापीठाला जे अनुदान मिळतं, ते मुख्यतः मंजूर पदांच्या पगारासाठी. वीज, पाणी, वसतिगृहाची डागडुजी, परीक्षा, मैदानं, मुलांसाठीचे उपक्रम हे बरंचसं स्वतःच्या निधीतून भागवावं लागतं. आणि हा निधी उभा राहतो परीक्षा शुल्कातून, महाविद्यालयांच्या संलग्नता शुल्कातून आणि ठेवींच्या व्याजातून.

सोलापूरची महाविद्यालयंही आधी याच विद्यापीठाखाली होती. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. तिथल्या मुलांचा प्रवास वाचला, हे फार चांगलं झालं. पण एका जिल्ह्याची महाविद्यालयं गेली आणि त्यांच्यासोबत त्यांची शुल्कंही. पुढे मोठी महाविद्यालयं एकेक करून स्वायत्त होत गेली. ती आपल्या परीक्षा आपणच घेतात. आवक घटत गेली, ८५३ एकरांचा परिसर मात्र तेवढाच राहिला. दिवे तेवढेच, नळ तेवढेच.

(दृश्य : परिसरातलं तळं. काठावर मोर.)

नळांवरून पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी.

हा परिसर म्हणजे मुळात सागरमाळ. नावातच माळ. पाऊस भरपूर, पण पडलेलं पाणी उतारावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात वसतिगृहातली मुलं बादल्या घेऊन उभी. पाणी बाहेरून घ्यायचं, म्हणजे दर महिन्याचं बिल आलंच.

विद्यापीठानं मग आपल्याच जमिनीचा उतार पाहिला. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे निसटतं. जुन्या तळ्यांतला गाळ काढला, पाणी अडवलं, मुरवलं, विहिरी उपयोगात आणल्या. यात दिपवून टाकणारं काही नाही. आपल्या आजोबांनी शेताच्या बांधावर हेच केलं असतं. फरक एवढाच, की एका विद्यापीठानं ते काम कमीपणाचं मानलं नाही आणि मधेच सोडलंही नाही. काही वर्षांत बाहेरच्या पाण्याची गरज जवळपास संपली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात महापूर आला. शहराची पाणी उपसा केंद्रं बुडाली. चहूकडे पाणी आणि घरातला नळ कोरडा. त्या दिवसांत याच माळावरून टँकर भरून शहरात गेले. एके काळी पाणी मागणारं विद्यापीठ शहराला पाणी देत होतं. मुलांच्या बादलीसाठी केलेलं काम म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घशापर्यंत पोचलं.

(दृश्य : विद्यार्थी भवन. सकाळची वेळ, झाडांना पाणी घालणारी मुलं.)

दुसरी गोष्ट कमवा आणि शिका योजनेची. तिची मुळं विद्यापीठाहून जुनी आहेत.

१९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. याच मातीतले, कुंभोजचे, कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह. पैसा नव्हता. मग मुष्टिफंड सुरू झाला : घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करायचं आणि त्यावर मुलं जेवायची. तेवढ्यानं भागेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुलं स्वतः शेतात राबायची, स्वयंपाक करायची, दगड फोडायची आणि शिकायची.

आप्पासाहेबांनी हाच धागा विद्यापीठात आणला. आजही इथली मुलं-मुली रोज काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि त्या मिळकतीवर शिकतात. ग्रंथालयाच्या काउंटरवर पुस्तकाची नोंद करणारी मुलगी संध्याकाळी त्याच टेबलावर नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांचा, अभ्यास करते. विद्यापीठाचं काम होतं, तिच्या घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या मुलांना मिळणारा तासाचा दर मेसच्या दराबरोबर वाढायला हवा. जेवण महागलं आणि मानधन तसंच राहिलं, तर योजनेचं नाव तेवढं उरेल. निधी कमी आहे म्हणून सगळ्यात आधी याच रकान्यावर पेन्सिल फिरवणं चुकीचं आहे.

(दृश्य : बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र. संगणकांची रांग.)

संशोधनाची नियतकालिकं हा ग्रंथालयांचा जुना दुखरा भाग. वर्गणी दरवर्षी चढती, परदेशी चलनातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. प्रत्येक विद्यापीठानं एकट्यानं घासाघीस करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून घेतलेलं बरं. बाजारात भाजी घेणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. गडहिंग्लजच्या मुलाला जो शोधनिबंध पूर्वी कुणाच्या तरी ओळखीनं मागवावा लागायचा, तो आता आपल्या संस्थेच्या लॉगिनवरून उघडू शकतो.

(दृश्य : परीक्षा केंद्र. झेरॉक्स यंत्रातून निघणाऱ्या प्रश्नपत्रिका.)

प्रश्नपत्रिका पूर्वी छापून, गठ्ठे सीलबंद करून गाडीनं केंद्रांवर जायच्या. आता त्या ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापल्या जातात. गाड्यांचा खर्च वाचला, पेपर वाटेत फुटण्याची भीती कमी झाली. पण कागद, शाई आणि वीज गेल्यावर काय करायचं ही धाकधूक आता डोंगराळ भागातल्या छोट्या महाविद्यालयाच्या माथी आहे. या बदलाला मी विरोध करणार नाही. त्या महाविद्यालयाला छपाईचे पैसे वेळेवर मिळतात का, एवढं मात्र पाहायला हवं.

(दृश्य : एका विभागाचा रिकामा व्हरांडा. दारावर नाव नसलेली पाटी.)

आणि ही ती बचत, जिला बचत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. राज्यभरातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात मोटारसायकलवरून धावतात. सुट्टीत तास नाहीत, म्हणून सुट्टीत पैसेही नाहीत. ताळेबंदात वेतनाचा आकडा कमी दिसतो. एमएस्सीची मुलगी मात्र तिच्या प्रकल्पाला मार्गदर्शक मिळावा म्हणून दोन महिने थांबलेली असते. हाही एक खेटाच, फक्त एसटीचं तिकीट लागत नाही.

(दृश्य : परीक्षा विभाग. खिडकी. दुपार.)

गुणपत्रिका आणि पदव्या आता डिजिलॉकरमध्ये मिळू लागल्या आहेत. मोबाइलवर उघडायची, नोकरीच्या ठिकाणी दाखवायची. पूर्वी याच कागदासाठी रांग लागायची. ही सोय करताना विद्यापीठाला नवी इमारत बांधावी लागली नाही.

पण चुकलेलं अक्षर डिजिलॉकरमध्येही चुकलेलंच उतरतं. ते दुरुस्त करायला माणूस लागतो, अर्ज वाचणारा, जुनं रजिस्टर काढणारा, आणि आज काय कमी आहे ते एकाच वेळी सांगणारा.

चंदगडची मुलगी खिडकीशी पोचली आहे. आतल्या बाईंनी फाइल घेतली, चष्मा वर केला, कागद एकेक करून पाहिले.

“आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणली आहेस का ग?”

“आहे मॅडम.”

“मग दे इकडे. आणि मोबाइल नंबर लिही इथं. झालं की मेसेज येईल. परत येऊ नकोस एवढ्या लांबून.”

दुपारच्या परतीच्या गाडीला अजून वेळ आहे. मुलगी तळ्याच्या काठाकाठानं फाटकाकडे निघते.