बर्फात राहिलेली लोकर

हा हंस बघा. फूटभर उंच, पांढऱ्या फेल्टचा, म्हणजे लोकर विणायची नाही, नुसती भिजवून दाबून जो नमदा करतात त्याचा. आत हरणाचे केस ठासून भरलेत, चोच काळ्या फेल्टची, आणि उभा राहावा म्हणून पायात लाकडाच्या काड्या. सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वी सायबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताय डोंगरातल्या घोडे आणि मेंढरं पाळणाऱ्या लोकांनी हा केला आणि एका मोठ्या माणसाच्या थडग्यात ठेवला. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे. मला त्याची मान फार आवडते, जरा पुढे झुकलेली, आत्ता पाण्यात उतरेल अशी.

आता खरा प्रश्न हा की लोकर इतकी वर्षं टिकली कशी? लोकर कुजते, किडे खातात, मातीत पुरली की काही वर्षांत संपते. म्हणूनच भटक्या मेंढपाळांच्या जुन्या वस्त्या खणल्या की हाती फार थोडं लागतं, आणि मग लोक म्हणतात यांच्याकडे होतंच काय. पण त्यांचं सगळं वैभवच मऊ होतं हो! तंबू लोकरीचा, अंथरूण लोकरीचं, खोगिराचं आवरण लोकरीचं. जे मातीत राहतं ते त्यांनी फारसं केलंच नाही, कारण चार-दोन महिन्यांनी उचलून न्यायचं तर मडकी आणि दगड कोण वाहणार.

अल्तायमधल्या पाझिरिक खोऱ्यात मात्र नशिबाने वेगळं घडलं. तिथे थडग्यावर दगडांचा मोठा ढीग रचायचे. पुढे चोरांनी भोकं पाडून सोनंनाणं नेलं, त्या भोकांतून पाणी आत झिरपलं, गोठलं, आणि वरच्या दगडांमुळे उन्हाळ्यातही ते बर्फ वितळलं नाही. म्हणजे चोरांनी लुटलं खरं, पण त्यांच्याच भोकांमुळे कापड वाचलं. सर्गेई रुदेन्को या रशियन संशोधकाने तिथे खोदकाम केलं तेव्हा त्यांची टीम गरम पाणी ओतून ओतून बर्फ वितळवत वस्तू मोकळ्या करत होती.

1949 साली पाचव्या थडग्यात, घोडे पुरले होते त्या बाजूला, एक गालिचा सापडला. 183 बाय 200 सेंटीमीटर, जवळजवळ चौकोनी. जगात इतका जुना, इतका पूर्ण राहिलेला गाठींचा गालिचा दुसरा नाही. काठाने घोडेस्वार चाललेत, काही बसलेले, काही घोड्याशेजारून चालणारे, आतल्या पट्ट्यात हरणं. एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे 36 गाठी आहेत. आपल्या करंगळीचं नख बघा, साधारण तेवढ्या जागेत 36 वेळा धागा गुंडाळून ओढून कापायचा, आणि असं करत पूर्ण गालिच्यात साडेबारा लाखांच्या आसपास गाठी. तो अल्तायमध्येच विणला की इराणकडून किंवा मध्य आशियातून आला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर कुठेही विणला असो, तो थडग्यात ठेवण्याएवढी त्याची किंमत या घोडेवाल्यांना कळत होती. 2021 साली जर्मनीतल्या संशोधकांनी त्याचे धागे तपासले तेव्हा लोकर रंगवण्याआधी आंबवली होती असं दिसलं, त्यामुळे रंग धाग्याच्या आतपर्यंत मुरला आणि अजून लाल दिसतो.

फेल्टला तर मागही लागत नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी पडलं आणि दाबत-रगडत राहिलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. मंगोलियात अजून लोकर झोडपून पसरतात, पाणी शिंपडतात, गुंडाळून घोड्यामागे फरफटत नेतात. माग उभा करायला जागा नाही अशा लोकांनी केवढी अक्कल लढवली!

बर्फ नसेल तिथे कोरडी हवा कामाला येते. चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फानजवळ यांगहाईच्या दफनभूमीत साधारण 3,000 वर्षांपूर्वीची लोकरीची पँट मिळाली, एका चाळिशीच्या माणसाच्या अंगावर. सोबत चाबूक, धनुष्य, कुऱ्हाड, म्हणजे घोड्यावर बसणारा गडी. त्या पँटचे तीन तुकडे, दोन पाय आणि मध्ये बसायची जागा रुंद ठेवणारा तिसरा. हे तुकडे कापून काढलेले नाहीत, मागावरच त्या-त्या आकारात विणलेत, एक इंच लोकर वाया नाही. बसण्याच्या जागी तिरकी वीण, तीच जी तुमच्या जीन्सवर तिरक्या रेघांची दिसते, त्यामुळे कापड ताणलं जातं. गुडघ्यावर मात्र वेगळी घट्ट वीण आणि नक्षी, कारण घोड्यावर घासतो तो गुडघा.

आणि जिथे बर्फही नाही कोरडेपणाही नाही? तिथे टकळीची मातीची चकती उरते. मधोमध भोक, इवलीशी. हलकी असेल तर बारीक सूत निघतं, जड असेल तर जाडं, म्हणून नुसती चकती तोलून तिथल्या बाईने काय कातलं असेल त्याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे नेवाशाला तांब्याच्या मण्यांच्या माळेत धाग्याचा अंश राहिला तो तांब्याच्या गंजामुळे, बाकी सगळं गेलं.

धनगरांकडे मेंढरं भादरणं, लोकर पिंजणं, कातणं, आणि सणगरांकडे खड्ड्याच्या मागावर त्याची घोंगडी विणणं, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देणं, हे अजून चालू आहे. पट्टणकोडोलीला गेलात तर एखाद्या म्हाताऱ्याला खळ लावताना बघत बसा, ब्रश ताण्यावरून एकाच दिशेने जातो, आणि तो मध्ये बोलत नाही.