खालचा बर्थ

वाळपईतलं आमचं घर. अंगणात सुपारी सुकत घातलीय. तिचे पैसे कुठे जाणार, ते सोप्यावर उघड्या पडलेल्या वहीत लिहिलंय.

बाबांनी जन्मभर कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस चालवली. नजर कायम रस्त्यावर. आता त्यांना खिडकीशी बसून नुसतं बघायचंय, तेही व्हिएतनाममध्ये. हनोई ते हो ची मिन्ह शहर, १,७२६ किलोमीटर, तीस तासांहून जास्त. आपली अख्खी कोकण रेल्वे ७४१ किलोमीटरची.

प्रवास रेल्वेचा, पण वहीतला सगळ्यात मोठा आकडा विमानाचा. मुंबईहून थेट विमान मिळतं. जाताना हनोईला उतरायचं आणि परतीचं विमान हो ची मिन्हहून धरायचं, ही युक्ती आईची. उत्तरेला परत फिरायचं भाडंही वाचलं आणि दिवसही. ई-व्हिसा एका प्रवेशाचा, माणशी २५ डॉलर.

एका रुपयाला साधारण ३०० डाँग. शून्यं बघूनच डोकं गरगरतं. बाबा शेवटची दोन शून्यं खोडतात आणि उरलेल्याला तीननं भागतात. ९,००,००० डाँग म्हणजे ३,००० रुपये. बघा, वहीच्या कडेला अशीच खोडाखोड भरलीय.

आता हे पान. सहा बर्थच्या कप्प्यात सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त, खालचा महाग. बाबांनी वरचे दोन लिहिले होते. आईनं काही न बोलता पेन घेतलं आणि ते खोडलं. तिचे गुडघे गेली चार वर्षं दुखतायत. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत, ही नव्हे. मी आईच्या बाजूनं आहे.

तिथं एका तिकिटावर वाटेत उतरून पुढची गाडी धरता येत नाही. टप्पा वेगळा, तिकीट वेगळं. म्हणून वाटेतल्या ह्वे शहरात दोन रात्री, आणि ह्वे ते पुढचं शहर दा नांग दिवसाची गाडी, साध्या सीटवर. हा टप्पा स्वस्तातला, आणि हाय वानच्या घाटात रूळ समुद्राला लगटून जातात. तो अंधारात कशाला काढायचा?

तारखेवरही पैसा ठरतो. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडचं नववर्ष, तेत. आपल्या चवथीसारखा सगळा देश गावाकडे निघतो, तिकिटं हाती लागत नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर मध्य भागात वादळं आणि पूर. म्हणून शिमगा आटोपला की निघायचं.

वहीत जेवणाच्या खर्चाच्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत: ‘चाय’. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. बाबांच्या सोमवारसाठी आईनं तो पाठ करून ठेवलाय. डब्यात गरम पाणी मिळतं, तेव्हा पातळ पोहे आणि चहाची पूड घरूनच.

बेरीज झाली. बाबा परत बर्थच्या पानावर आलेत.

“खालचे दोन्ही?”

“दोन्ही. मधे टेबल असतं, टेबलाला लागून खिडकी. तुम्ही तिकडून बघा, मी इकडून.”

बाबा खोडलेल्या ओळीखाली नवा आकडा लिहितात.