टेपाचं दुसरं टोक

(दृश्य: पहाट. टिनाच्या छपरांवरून कॅमेरा सावकाश खाली येतो. मागे धूसर, उंच इमारती. नळाचा आवाज.)

नागपूर. सकाळचे साडेसहा. नळाला पाणी आहे तोवर इथे कुणी कॅमेऱ्याकडे बघतही नाही.

ही गल्ली रुंदीला साडेतीन फूट. समोरून हंडा घेऊन कुणी आलं, की एकाने शेजाऱ्याच्या पायरीवर चढायचं. दोन घरांमधल्या फटीला इकडे सांदवाडी म्हणतात. इथे सांदवाडी हाच रस्ता.

एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली, रेल्वे वाढली, शहर बांधकामाला लागलं. भंडाऱ्याहून, बालाघाटहून, छत्तीसगडातून माणसं कामाला आली. सगळ्यांना पुरतील एवढी घरं कुणीच बांधली नाहीत. मग नाल्याकाठी, रुळांलगत, मोकळ्या सरकारी जागेवर कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. कुडाच्या विटा झाल्या, विटांवर टिन आलं. जमीन मात्र कागदावर दुसऱ्याचीच राहिली: कुठे नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, कुठे महापालिकेची, कुठे शहराचा विकास बघणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासची, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘नासुप्र’ची. एकाच वस्तीत तिघांची जमीन निघते. अर्धी गल्ली एकाची, अर्धी दुसऱ्याची, आणि घर बरोबर त्या रेषेवर.

(दृश्य: पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली जाते. कड्या उघडतात.)

ही पेटी आम्ही या वस्तीत बारा घरांत पाहिली. रंग वेगळा, आत माल तोच.

घरटॅक्सच्या पावत्या. विजेची बिलं, शाई उडालेली. रेशन कार्ड: जुनं, त्याआधीचं, आणि त्याच्याही आधीचं, ज्यात सासूचं नाव आहे. मतदार यादीचं पान. मुलाचा शाळेचा दाखला, कारण त्यावर पत्ता आहे. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. पावसाळ्यात नाला भरला की आधी पेटी माळ्यावर, मग गहू.

अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहतो, याचा पुरावा द्यावा लागतो. ती तारीख सरकारने वेळोवेळी बदलली. आधी 1 जानेवारी 1995. मग 1 जानेवारी 2000. पट्ट्यासाठी, म्हणजे जागेवर राहण्याच्या हक्काच्या कागदासाठी, नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने, 1 जानेवारी 2011. दर वेळी पेटी उघडायची, कागद लावायचे, झेरॉक्स काढायच्या. झेरॉक्सवाल्याचा धंदा या तारखांवर चालला, असं एक मावशी हसत म्हणतात. अतिक्रमण हा शब्द फाइलीत फार सहज येतो. त्या फाइलीसोबत एकदा ही पेटीही टेबलावर ठेवायला हवी.

(दृश्य: गल्लीत मोजणी. टेप ताणला जातो. इथे निवेदन नाही. दहा सेकंद नुसते आकडे ऐकू येतात: “सोळा तीन... बारा नऊ...”)

पट्ट्यासाठीच्या या मोजणीला इथे सगळे ‘पीटीएस’ म्हणतात. मूळ शब्द प्लेन टेबल सर्व्हे. तीन पायांच्या तिकाटण्यावर फळी, फळीवर कागद, समोर दिसतं ते तिथल्या तिथे उतरवायचं. आता यंत्रं बदलली, नाव तेच राहिलं.

साधं वाटतं. पण या वस्तीत एक भिंत दोन घरांची असते. मग ती कुणाच्या मापात धरायची? पायरी मोजायची का? मोरी बाहेर असेल तर? भावाभावांनी मधे पडदा लावून दोन चुली केल्या, तर घर एक की दोन?

मोजणारा माणूस बाहेरचा. त्याला हे माहीत नसतं. म्हणून टेपाचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं वस्तीतल्या बाईच्या. बघा, ती टोक भिंतीला लावते, शेजारणीला हाक मारते, “बाहेर ये, तुह्या भिंतीचं माप चालू हाये.” शेजारीण येते, बघते, नऊ इंचांवरून वाद होतो, आणि चहा होईपर्यंत मिटतोही. हाच वाद कार्यालयात गेला असता तर? तारखा पडल्या असत्या. ही मोजणी लोकांना सोबत घेऊन झाली, म्हणून झाली, हे आम्ही ठासून सांगतो.

(दृश्य: दारावर रंगाने नंबर. ब्रशचे फटके. एक लहान मुलगी नंबर वाचते.)

माप झालं की नकाशा. नकाशात प्रत्येक घराला नंबर, तोच दारावर. नंबराखाली नाव, नावापुढे पेटीतले पुरावे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. पहिल्या 500 चौरस फुटांना जमिनीचे पैसे नाहीत. आणि आम्ही मोजताना पाहिलेलं एकही घर 500 पर्यंत पोचत नव्हतं.

(दृश्य: नोंदणी कार्यालय. अंगठा. यंत्राचा हिरवा दिवा. पुन्हा अंगठा.)

भांडी घासून घासून बोटांच्या रेषा पुसल्या आहेत. यंत्र तीनदा नकार देतं.

(निवेदन थांबतं. चौथ्यांदा दिवा लागेपर्यंत चित्र तसंच.)

लोक याला ‘मालकी हक्काचा पट्टा’ म्हणतात. कायद्याने तो भाडेपट्टा आहे. जमीन सरकारची किंवा संस्थेचीच राहते, राहण्याचा हक्क नोंदवला जातो. तरी फरक पडतो. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण पायाखालच्या जागेवर तुमचा हक्क आहे हे दाखवावं लागतं. कालपर्यंत घर होतं, दाखवायला जागा नव्हती.

भाड्याने राहणाऱ्यांचं नाव या नकाशात नाही. ज्यांची वस्ती महसूल नोंदीत ‘झुडपी जंगल’, म्हणजे झुडपांची जमीन, आहे, त्यांचं प्रकरण वेगळं. त्या जमिनी वनच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलं, आणि 12 डिसेंबर 1996 च्या आधीच्या वाटपांसाठी मार्ग ठेवला.

(दृश्य: दुपार. तिकाटणं खांद्यावर घेऊन मोजणीवाला चालतो. मागे मुलं.)

फळी पुढच्या गल्लीत निघाली. तिथलं पहिलंच दार बंद आहे, कुलूप. घरातले सगळे कामावर गेलेत. मोजणीवाला वहीत काहीतरी लिहायला लागतो, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आवाज येतो, “बंद नका लिहू भाऊ. सहाला येते ते. मी टेप धरतो.”