दुधाचा हिशेब

[दृश्य: कालनिर्णयचं जुनं पान. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. पंख्याच्या वाऱ्यानं पानाचा कोपरा हलतोय.]

ही कॅलेंडरं माझ्या मामीची आहेत. इंदूरच्या रामबागेतल्या तिच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिनं ती जपून ठेवली. चोवीस वर्षांची कॅलेंडरं. त्यातली दोन वाळवीनं खाल्ली, बाकीची शाबूत आहेत. प्रत्येक तारखेखाली दुधाचा हिशेब. अर्धा, अर्धा, अर्धा. मग मधेच एका तारखेपासून एक लिटर सुरू होतं, पंचवीस-तीस दिवस चालतं, आणि पुन्हा अर्ध्यावर येतं.

एक लिटर म्हणजे मामा घरी.

मामा १९८६ साली पायदळात शिपाई म्हणून भरती झाले आणि २०१० साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. चेहरा दाखवू नकोस आणि पलटणीचं नाव घेऊ नकोस, एवढ्या दोनच अटी त्यांनी घातल्या. त्यामुळे तुम्हाला त्यांचे हात दिसतील, पाठ दिसेल आणि ही पानं दिसतील.

[दृश्य: पानं उलटतात. वर्षं दिसत जातात.]

१९८८. मार्चनंतर या वर्षात एक लिटर कुठेच नाही. मामा श्रीलंकेत होते. जुलै १९८७च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे उतरली आणि मार्च १९९०मध्ये परतली. सुमारे बाराशे जवान मात्र तिथेच राहिले. मामा परत आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

१९९२, काश्मीर. १९९५, सियाचीन. एप्रिल १९८४पासून तिथे आपली ठाणी आहेत, काही तर वीस हजार फुटांच्याही वर, आणि तिथे गोळीपेक्षा थंडीनं आणि विरळ हवेनं जास्त माणसं नेली. मग १९९८ ते २०००, पुन्हा काश्मीर, या वेळी राष्ट्रीय रायफल्समधून. १९९०मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात वेगवेगळ्या रेजिमेंटांमधून जवान येतात. म्हणजे स्वतःच्या पलटणीबरोबर एकदा धोक्याच्या तैनातीवर जाऊन आलेला माणूस इथून पुन्हा एकदा जातो. आणि डिसेंबर २००१, संसदेवरच्या हल्ल्यानंतर राजस्थानची सीमा. आज युद्ध, उद्या युद्ध, असं म्हणत जवळपास दहा महिने. युद्ध झालं नाही, पण मामीच्या कॅलेंडरवर ते वर्ष अर्ध्या लिटरचंच गेलं.

फौजेत अशा धोक्याच्या तैनातीला 'फील्ड' म्हणतात आणि शांत छावणीतल्या नेमणुकीला 'पीस'. दोन-तीन वर्षं फील्ड, मग तेवढंच पीस, मग पुन्हा फील्ड. पीसमध्ये कुटुंब नेता येतं. मामी एकदाच गेली, तेही वर्षभर. नंतर सासूबाईंचं आजारपण आणि मुलांची शाळा.

एका दुपारी मी बसून मोजलं. १९८९ ते २००२ या चौदा वर्षांत एक लिटरचे दिवस नऊशेसुद्धा भरले नाहीत.

[दृश्य: इंदूर स्टेशन, रात्र. लष्करी बॅग खांद्यावर घेतलेला एक जवान डब्यात चढतो.]

मला वाटायचं, मामांना काहीतरी एक झालं असेल. एखादी रात्र, एखादा स्फोट. तेच शोधायला मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी सांगितलं ते वेगळंच.

"भीती पहिल्यांदा नव्हती रे," ते म्हणाले. "पहिल्यांदा तिथे काय असतं ते ठाऊकच नसतं. दुसऱ्यांदा सगळं ठाऊक असतं."

निघताना मामी मेथीच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी द्यायची. १९९२ साली डबा उज्जैन यायच्या आत संपला होता. १९९८ साली जम्मूला उतरले तेव्हा त्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं. भाजीला वास यायला लागला होता. त्यांनी तो स्टेशनवरच्या कुत्र्यापुढे रिकामा केला आणि नळावर घासून घेतला.

लढाईनं मनावर होणारा घाव म्हणजे एका क्षणाचा धक्का, अशी समजूत वैद्यकशास्त्रातही बराच काळ होती. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला. जवळ तोफगोळा फुटला म्हणून माणूस थरथरतो, असा तेव्हाचा तर्क. पण ज्यांच्या आसपास काहीच फुटलं नव्हतं तीही माणसं थरथरत होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ॲपल आणि बीब या दोन अमेरिकन संशोधकांनी हिशेब मांडला. सतत लढाईत राहिलेला सैनिक साधारण २०० ते २४० दिवसांत झिजून जातो. शूर असो, भित्रा असो. चांगल्यात चांगला शिपाईही त्यातून सुटत नाही.

मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदा माणसाला दोष न देता दिवस मोजले गेले. मामीनं मोजले तसे.

पुढे इराकच्या युद्धात अमेरिकी सैन्यानं आपल्याच माणसांची पाहणी केली. २००८च्या अहवालात, आपल्याकडच्या नाईक-हवालदारांसारख्या दर्जाच्या सैनिकांमध्ये, पहिल्या खेपेला आलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना मानसिक त्रासाची लक्षणं होती. दुसऱ्या खेपेला साडेअठरा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला २७. आकडे त्यांच्या युद्धाचे आहेत, ते उचलून आपल्या फौजेला लावता येणार नाहीत. पण चढण कुठल्या दिशेची आहे ते दिसतं.

[दृश्य: मामी स्वयंपाकघरात. चहा गाळते आहे.]

मामीला मी हे आकडे दाखवले. तिनं चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

मग तिनं तिचा हिशेब सांगितला. "रजेचे पहिले दहा दिवस घरात पाहुणा आल्यासारखं असायचं. नंतर आठ-दहा दिवस माझा नवरा घरी असायचा. हसायचा, भाजी आणायचा, पोरांना राजवाड्यावर न्यायचा. मग एके दिवशी सकाळी बघावं, तर परत तोंड बंद. मनानं आधीच गेलेला असायचा."

तीस दिवसांतले दहा.

फील्डमध्ये शरीर जे शिकतं ते तिथे आजार नसतं, कसब असतं. तुकड्यातुकड्यानं झोपणं. समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे हात बघणं. पाठ भिंतीला लावून बसणं. पानाची सळसळ झाली की डोळे उघडण्याआधी हात बंदुकीवर. हे ज्याला जमलं तो जगला. अडचण अशी की शरीराला रेल्वेचं वेळापत्रक कळत नाही. गाडी इंदूरला लागली, म्हणून ते कसब उतरवून ठेवता येत नाही. आणि उतरायला लागतं न लागतं, तोच परतीचं तिकीट. पुढच्या खेपेला ते आणखी घट्ट बसतं.

मामी आजही मामांना उठवताना पायाच्या अंगठ्याला हात लावते आणि चटकन दोन पावलं मागे सरते. ती असं का करते, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, फौजी माणसाला असंच उठवतात.

[दृश्य: रंगपंचमीची गेर. राजवाड्यासमोर तोबा गर्दी, टँकरमधून उडणारे रंगाचे फवारे, गच्च्यांवर माणसं.]

२००३ची रंगपंचमी. मामा सहा वर्षांच्या माझ्या मामेभावाला खांद्यावर घेऊन गेर बघायला गेले. अख्खं इंदूर वर उडणारा रंग बघत होतं. मामा गच्च्या बघत होते. कुठल्या गच्चीवर किती माणसं, कोण पुढे वाकलंय, कुणाच्या हातात काय आहे. पाच मिनिटांत त्यांनी पोराला खाली उतरवलं आणि एका दुकानाच्या खांबाआड, भिंतीला दाबून धरलं. मिरवणूक संपेपर्यंत. भाऊ सांगतो, मनगटावर बोटांचे वळ दोन दिवस होते. त्यानंतर त्यानं बाबांकडे गेरला जायचा हट्ट कधीच केला नाही.

मामांनी मला हे सांगितलं नव्हतं. भावानं सांगितलं. मी ते मामांसमोर काढलं तेव्हा त्यांचे हात बराच वेळ मांडीवर तसेच पडून होते. ते दृश्य मी कापलेलं नाही.

[दृश्य: मामांचे हात. आवाज नाही.]

मग हे त्यांनी कुणाला सांगितलं का नाही? फौजेत डॉक्टर असतात, इस्पितळं असतात.

फौजेत माणसाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात. एस, एच, ए, पी, ई. मिळून 'शेप'. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची क्षमता, ई म्हणजे डोळे. सगळं ठीक असेल तर माणूस 'शेप-वन'. गुडघा दुखावला आणि ए खाली आलं, तर लोक हळहळतात. एस खाली आलं की कुजबुज सुरू होते. हत्यार देणं थांबू शकतं, बढती अडू शकते. १९९९ साली मामांची हवालदारकी जवळ आली होती. घराचा हप्ता चालू होता. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "नींद आती है?" मामा म्हणाले, "आती है, साहब." तपासणी संपली.

मी त्यांच्या जागी असतो तर हेच उत्तर दिलं असतं. अमेरिकेतल्या २००४च्या एका मोठ्या अभ्यासातही ज्यांना त्रास होता त्यांच्यापैकी जेमतेम २३ ते ४० टक्के लोक मदत मागायला गेले होते. आपल्याला कमकुवत समजतील, ही भीती तिथेही होती.

[दृश्य: महूचा बाजार. गणवेशातली तरुण मुलं, शिंप्याचं दुकान, बूटपॉलिश.]

इंदूरहून महू पंचवीस किलोमीटरच्या आत. १८१७ साली महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, मंदसोरचा तह झाला आणि त्यातून ही छावणी आली. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला तो इथेच. आज गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. इन्फन्ट्री स्कूल इथे आहे, आर्मी वॉर कॉलेज इथे आहे. दोनशे वर्षं आमच्या शेजारी फौज राहते आहे. १५ ऑगस्टला आम्ही चौकाचौकात देशभक्तीची गाणी लावतो, आणि मामांना मात्र लग्नकार्यात हमखास एकच प्रश्न विचारला जातो. किती मारले? मी लहानपणी स्वतः विचारलाय.

जुलै २०२२मध्ये सरकारनं राज्यसभेत माहिती दिली. त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या, त्यातले ६४२ एकट्या भूदलातले. कारगिलच्या युद्धात आपण ५२७ जवान गमावले होते. या सगळ्या आत्महत्यांमागे तैनातीच होती असं मी म्हणणार नाही. कर्ज असतं, भांडणं असतात, गावी जमिनीचा वाद असतो. पण ती भांडणंही फोनवरून बंकरमध्येच ऐकू येतात, आणि रजा मिळेपर्यंत माणसाला तिथून हलता येत नाही. घरचं कारण आणि फौजेचं कारण असे दोन वेगळे खाने निदान मामीच्या कॅलेंडरवर तरी मला सापडले नाहीत.

आजी असताना नर्मदेच्या परिक्रमेहून आलेली माणसं घरी उतरायची. ती सांगायची, असीरगडाकडे, नर्मदेच्या काठानं अश्वत्थामा अजून फिरतो, कपाळाच्या जखमेला तेल मागतो. त्याचं पाप भयंकर होतं, मामांची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. पण त्याच्या शापातला एक भाग आपण विसरतो. जखम तर होतीच. त्याखेरीज, तीन हजार वर्षं कुणाशी बोलता येणार नाही, असंही कृष्णानं म्हटलं होतं.

[दृश्य: घराचं दार. संध्याकाळ. दाराजवळ जमिनीवर घातलेली चटई.]

निवृत्तीनंतर दूध कायमचं एक लिटर झालं. मामा मात्र झोपत राहिले दाराजवळ, जमिनीवर. मग मुलगी बाळंतपणाला घरी आली. एका रात्री बाळ रडायचं थांबेना, तेव्हा मामा कानांवर हात दाबून घराबाहेर पडले. पहाटे तीन वाजता ते स्टेशनच्या बाकावर सापडले. अंगात बनियन, पायात काही नाही. "गाडी किती वाजता आहे?" त्यांनी माझ्या मामेभावाला विचारलं.

मामीनं त्या दिवशी ठरवलं. पहिल्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मामी दुसरीकडे गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे-कुठे होता, कधी, किती दिवस? मामांना क्रम लागेना. श्रीलंका आणि काश्मीर एकात एक मिसळत होतं. पुढच्या खेपेला मामीनं भावाला माळ्यावर चढवलं आणि ट्रंक उतरवून घेतली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर चोवीस वर्षांचा दुधाचा हिशेब मांडला गेला.

आता औषधं चालू आहेत, आणि त्याहून अवघड काम. ज्या आठवणीपासून माणूस वीस वर्षं तोंड फिरवतोय ती जाणत्या माणसासमोर, सुरक्षित खोलीत, पुन्हापुन्हा सांगायची, तिची धार कमी होईपर्यंत. सोपं नाही. दोनदा मामा अर्ध्यातून उठून आले.

'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. सेवेतल्या जवानांसाठी डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. सर्वांसाठी टेलि-मानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत. हा नंबर मामीनं फ्रीजवर चिकटवलाय, आणि सोसायटीतल्या आणखी दोन फौजी घरांतही देऊन आली आहे.

[दृश्य: या वर्षीचं कालनिर्णय. स्वयंपाकघराची भिंत.]

या वर्षीच्या पानांवर काही गुरुवारी मामीनं लिहिलंय, 'डॉक्टर, ११ वाजता'. आणि गेल्या महिन्यापासून चौकटींमध्ये दुसरं एक अक्षर दिसतंय. जाड, थोडं तिरकं. रात्रीची झोप लिहून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी मामांना सांगितलंय. वेगळी वही घेतो म्हणाले होते, घेतली नाही. मामीच्या आकड्याखालीच लिहितात, आणि फौजेतल्या सवयीनं हिंदीत.

[दृश्य: कॅमेरा एकेका चौकटीवर थांबत जातो.]

सोमवार. दूध एक लिटर. नींद ३ घंटे.

मंगळवार. दूध एक लिटर. नींद ३ घंटे.

बुधवार. दूध एक लिटर. नींद २ घंटे.

गुरुवार. दूध एक लिटर. डॉक्टर, ११ वाजता. नींद साढ़े ४.