पुरुषभर उंचीची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिककरांना उंचीचं अप्रूप नसतं. पश्चिमेला ब्रह्मगिरी नि अंजनेरी, उत्तरेला सातमाळ. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि नाशिक शहरात ७००च्या आसपास. ही सगळी करामत सह्याद्रीची. आज आपण जातोय तिथे डोंगरच नाहीत, निदान ढग अडवण्याजोगे तरी नाहीत. कच्छच्या मोठ्या रणात. जमीन जितकी सपाट, तितकी तिथे उंचीची किंमत जास्त, एवढं आज लक्षात ठेवा.

रण म्हणजे वाळवंट नव्हे. तो गाळाचा तळ आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो, ईशान्येकडून लुणी नदीचं पाणी येतं, आणि ही दोन्ही पाणी पसरतात. खोल नाही, बहुतेक ठिकाणी गुडघाभर. पण गुडघाभर पाण्यात गाव वसत नाही. म्हणून वस्ती फक्त उंचवट्यांवर: खडीर, पच्छम, बेला. तिथले लोक त्यांना बेटच म्हणतात. खडीरवरचं धोलावीरा साडेचार हजार वर्षांपूर्वी नांदतं शहर होतं.

पाऊस वर्षाला ३०० ते ४०० मिलिमीटर, तोही थोड्याच दिवसांत. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे. आणि थंडी? नलिया हे कच्छचं निफाड समजा. कोरडी हवा, निरभ्र आकाश, रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि पारा पाचाच्याही खाली उतरतो.

दिवाळीनंतर पाणी आटतं. आधी चिखलात जिप्सम बसतं, मग वर मिठाची साय धरते. खालचं खारं पाणी मातीतून वर चढत राहतं आणि वरचेवर आटतं, आपल्या भिंतीला लोणा लागतो तसंच. पांढरं दिसलं म्हणून वाट सोडून चालू नका. पापुद्रा बोट-दोन बोटांचा, खाली चिखल, पाय पोटरीपर्यंत जातो. पाहायला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी पुष्कळदा पाणीच असतं. आणि हे खारं पाणी वर चढणं फक्त रणातलं समजू नका. कालव्याखाली उसाला बेसुमार पाणी द्यायचं, निचऱ्याचे चर मात्र काढायचे नाहीत, याने आपल्याकडेही जमिनी चोपण झाल्या आहेत. पाणी देण्याआधी पाणी काढण्याची सोय करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

आता सिंद्रीची हकिगत. रणाच्या पश्चिम भागात सिंधू नदीचा एक पूर्वेकडचा फाटा वाहायचा. त्याच्या काठी सिंद्रीचा छोटा किल्ला, कच्छ दरबाराचं जकातीचं नाकं. याच गोड्या पाण्यावर लखपत या तटबंदीच्या गावाच्या बाजूला भातशेती होती. अठराव्या शतकात सिंधच्या राज्यकर्त्यांनी वर बांध घालून ते पाणी तोडलं. भात गेला, नाकं राहिलं.

१६ जून १८१९. संध्याकाळची वेळ. भूकंप झाला आणि सिंद्रीभोवतीची जमीन खचली. किती? थोडीच. पण सपाट प्रदेशात थोडंच पुरतं. कोरी खाडीतून समुद्र आत धावला आणि किल्ल्याभोवती सरोवर झालं. शिबंदीची माणसं एका बुरुजावर चढली. दुसऱ्या दिवशी होड्यांनी त्यांना काढलं.

त्यांनी उत्तरेकडे पाहिलं, तर काल जिथे सपाट मैदान होतं, तिथे लांबलचक उंचवटा उभा. जिथे सर्वांत उंच, तिथे सुमारे ६ मीटर, म्हणजे साडेतीन पुरुष. लांबी मात्र ८० किलोमीटर. एकाच धक्क्यात दक्षिणेची जमीन खाली गेली, उत्तरेची वर आली. दक्षिणेकडून पाहिलं तर भिंत. उत्तरेकडून चालत आलात तर उतार इतका मंद की कळणारही नाही. नदीवरचे बांध माणसांनी घातलेले, हा कोणी घातला नाही. म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘अल्ला बंद’, म्हणजे अल्लाने घातलेला बांध.

सात वर्षांनी, १८२६ साली, सिंधूला मोठा पूर आला. पाण्याने वाटेतले माणसांचे बांध फोडले, अल्ला बंदही चिरला आणि नदी पुन्हा सिंद्रीपर्यंत पोचली. १८२८ साली अलेक्झांडर बर्न्स हा ब्रिटिश अधिकारी होडीतून तिथे गेला. एकच बुरूज उभा होता, आणि पडक्या भिंतींचे माथे दोन-तीन फूट पाण्याबाहेर होते. भिंतीवर उभं राहून त्याने पाहिलं: चहूकडे पाणी, आणि उत्तरेला क्षितिजावर जमिनीची एक निळसर रेघ. तो अल्ला बंद. या हकिगतीची नोंद पुढे भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी घेतली. जमीन एका धक्क्यात वर येते आणि खचते, याचा इतका स्वच्छ पुरावा तेव्हा दुर्मीळ होता.

नदी टिकली नाही. लखपतचा तट मात्र अजून उभा आहे. आत थोडी घरं, आणि तटावर चढलं की समोर जिथे भात डोलायचा तिथे खारा चिखल.